ओळख म्हणजे वशिला नव्हे!

काही महिन्यांपूर्वी एका विवाहसमारंभात जुन्या परिचयाचे एक गृहस्थ भेटले. राष्ट्रीयीकृत बँकेत पस्तीस वर्षे सेवा करून सन्मानाने निवृत्त झालेले, सचोटीचे, शब्दाला जागणारे. बोलता बोलता थोरल्या चिरंजीवांचा विषय निघाला. गृहस्थ अभिमानाने म्हणाले, ‘‘आमच्या मुलाने कोणाच्याही ओळखीने काही मिळविले नाही. जे मिळविले ते स्वतःच्या गुणांवर.’’ भोवतालच्या चार जणांनी माना डोलावल्या. आपल्या मध्यमवर्गीय घरांत याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

पुढे धाकट्याची चौकशी केली. चेहरा उतरला. अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत घेऊन दोन वर्षे झाली होती. रोज संगणकासमोर बसून अर्ज भरणे चालू होते. उत्तर क्वचितच येत असे, आणि आलेच तर ते यंत्राने पाठविलेले नकाराचे. सहज विचारले, ‘‘तुमच्या शाखेत इतकी वर्षे कारखानदार येत होते. निवृत्तीनंतर त्यांच्यापैकी कोणाशी मुलाविषयी बोललात?’’ गृहस्थ ताठ झाले. ‘‘छे! मी आयुष्यात कोणापुढे हात पसरलेला नाही.’’

या एका वाक्यात मराठी मध्यमवर्गाचे बळही आहे आणि त्याचे दुखणेही. खुर्चीवर असताना कर्जदाराकडे मुलाची शिफारस न करणे ही निःसंशय सचोटी होती. तिला नमस्कारच केला पाहिजे. परंतु खुर्ची सोडल्यानंतर, ‘‘माझा मुलगा यंत्र अभियंता आहे, तुमच्या क्षेत्रात सध्या कोणती कामे आहेत, त्याने काय शिकावे, कोणाला भेटावे?’’ एवढे विचारणे हे हात पसरणे कसे झाले? मानी बापाने मान राखला आणि त्याची किंमत मुलगा भरतो आहे. या मानीपणाची एकदा रोखठोक तपासणी व्हायला हवी.

गुणवत्तेला पाय नसतात

आपल्या मनात एक समज घट्ट रुतून बसला आहे. गुण असले की दार आपोआप उघडते, असा तो समज. इतिहास असे सांगत नाही. श्रीनिवास रामानुजन यांच्याएवढी गुणवत्ता शतकात एखाद्याच्या वाट्याला येते. तरीही १९१० साली हा तरुण महाविद्यालयीन परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला, विवाहित आणि बेकार होता. घरात बसून तो सूत्रे मांडत राहिला असता, तर ती वही कदाचित त्याच्याबरोबरच संपली असती. तो उठला, वही काखोटीला मारली आणि माणसांना भेटू लागला.

प्रथम तो व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. हे उपजिल्हाधिकारी होते आणि १९०७ साली भारतीय गणित परिषदेची मुहूर्तमेढ त्यांनीच रोवली होती. या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. रामानुजनने त्यांच्याकडे कारकुनाची जागा मागितली. वही चाळून त्यांनी ती दिली नाही; महसूल खात्याच्या कागदांत ही बुद्धी गाडण्याचे पाप त्यांना नको होते. त्यांनी मद्रासच्या गणितप्रेमी मित्रांच्या नावे परिचयपत्रे दिली. त्या साखळीतून रामानुजन नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ साली गणित परिषदेच्याच नियतकालिकात त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये मद्रास बंदर न्यासात दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. त्या अर्जासोबत प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. कार्यालयातील वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी न्यासाचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचे लक्ष या कारकुनाकडे वेधले. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या हार्डी यांना ते प्रसिद्ध पत्र गेले. त्यापूर्वी तेथील दोन मान्यवरांकडून काही निष्पन्न झाले नव्हते, हेही विसरू नये. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आता सांगा, रामानुजन वशिल्याने मोठा झाला काय? असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. मग या साखळीतील अर्धा डझन माणसांना आपण काय म्हणणार? गुणवत्ता ही विहिरीतल्या पाण्यासारखी असते. ती असतेच, परंतु शेतापर्यंत जायला तिला पाट लागतो. गुणवत्तेला पाय नसतात. ती माणसांच्या पायांनी चालते.

आपलीच विसरलेली रीत

‘नेटवर्किंग’ हा शब्द कानी पडला की आपल्याकडे नाके मुरडली जातात. हे साहेबी थोतांड आहे, कोट घालून ओळखपत्रे वाटत फिरण्याचा उद्योग आहे, असे म्हटले जाते. शब्द परका आहे, हे मान्य. परंतु वस्तू परकी आहे काय?

जुन्या पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात पोट भरत होतेच. पण त्याहून मोठी गोष्ट घडत होती. खेड्यातून आलेल्या त्या मुलाला सात घरे माहीत होत होती. एका घरी वकील, दुसऱ्या घरी शिक्षक, तिसऱ्या घरी छापखान्यातला कोणी. मुलगा कसा आहे, अभ्यास करतो की उनाडतो, हे सात घरांना दिसत होते. त्याच्या शिक्षणाचे शिफारसपत्र सात चुलींवर लिहिले जात होते. या रीतीला जातीच्या मर्यादा होत्या आणि ती सर्वांसाठी खुली नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या दोषाकडे पुढे येऊच.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी हीच रीत आपल्या परीने घडविली. एका गावची माणसे एका खोलीत राहिली, खानावळीत एकत्र जेवली. नवा गडी बोटीने वा एसटीने उतरला की कोणत्या गिरणीत बदली कामगार हवेत हे त्याला त्या खोलीत कळे. गोव्यातून बोटीवर नोकरी शोधायला आलेला खलाशी धोबी तलावाच्या परिसरात आपल्या गावच्या ‘कूड’मध्ये पथारी टाकी, कोणती बोट भरती करते आहे, हे त्याला तेथेच समजे. कलकत्त्यात मारवाड्यांचे ‘बासे’ होते. राजस्थानातून आलेल्या तरुणाला तेथे निवारा आणि जेवण मिळे, आणि व्यापाराची पहिली बातमीही मिळे. ‘ते लोक एकमेकांना धरून असतात’, असे आपण अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या असूयेने म्हणतो. धरून राहण्याला कोणी मनाई केली होती? गिरणी कामगाराने धरले होते. सोडले ते आपण, शिकल्यासवरल्यांनी.

आणि सोडले कोणत्या भ्रमाने? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेताना आपले हात जोडले जातात. १८९१ साली ते मुंबईत शाळांमधून शिकवीत होते. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची जागा मोकळी झाली होती. कर्वे यांना बोलावून घेतले ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी. दोघे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील सहाध्यायी. गोखल्यांना ठाऊक होते की हा माणूस गणित जाणतो आणि कष्टाला मागे हटत नाही. कर्वे पुण्यास आले म्हणून पुढचे हिंगणे उभे राहिले, १९१६ चे महिला विद्यापीठ उभे राहिले. गोखल्यांनी ‘ओळखीने कोणाला बोलावू नये’ असा मानीपणा केला असता तर?

वशिला आणि परिचय

येथे कोणी म्हणेल, ‘‘हे सारे ठीक, पण आज ओळखीच्या नावाखाली जे चालते ते सडके आहे.’’ आक्षेप खरा आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणून दोन गोष्टींमधली रेघ स्पष्ट आखली पाहिजे.

वशिला पात्रता झाकतो. परिचय पात्रता उघड करतो. वशिल्यात ‘हा माझा माणूस आहे’ एवढेच सांगितले जाते. परिचयात ‘याचे काम मी पाहिले आहे, तुम्हीही पाहा’ असे सांगितले जाते. वशिल्यात चाचणी टळते. परिचयात चाचणीपर्यंत पोहोचता येते. वशिला कुजबुजीत लावला जातो. परिचय चारचौघांत सांगता येतो. कोणतीही शिफारस या तीन कसोट्यांवर घासून पाहावी. नाव सुचविणाऱ्याने काम पाहिले आहे काय? निवडीची परीक्षा इतरांइतकीच कठोर झाली काय? आणि घडले ते उद्या वर्तमानपत्रात छापून आले तर लाज वाटेल काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर तो परिचय. एकही डळमळले तर तो वशिला. मग करणारा कितीही जवळचा असो.

दुसरी रेघ सार्वजनिक पदांची. जेथे स्पर्धा परीक्षेने निवड होते आणि वेतन जनतेच्या पैशातून जाते, तेथे दाराच्या आत ओळखीने पाऊल टाकता कामा नये. त्या परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हे उत्तीर्ण झालेल्या ज्येष्ठाला विचारणे हा परिचय. गुणपत्रिका पोहोचवायला माणूस शोधणे हा गुन्हा. यात धूसर असे काही नाही.

आणि तिसरी गोष्ट त्या नव्या दुकानदारीविषयी. तारांकित हॉटेलात दिवसभराची शिबिरे भरवून ‘संबंध कसे जोडावेत’ हे हजारो रुपये घेऊन शिकविणारे गुरू आता जागोजागी आहेत. समोरच्याचे नाव तीनदा उच्चारा, डोळ्यांत पाहा, हसा, कार्ड द्या! माणूस म्हणजे शिडीची पायरी, हा त्यांचा मूळ सिद्धांत. दोन हजार ओळखी संगणकावर गोळा करणाऱ्याला अडीअडचणीत रुग्णालयात सोबत बसणारे दोन जण मिळत नाहीत, ते याच सिद्धांतामुळे. आपल्याकडे यासाठी ‘लोकसंग्रह’ असा भारदस्त शब्द आहे. त्यात लोक आहेत, केवळ नावे नाहीत. घरोघर संपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्याला यातील फरक निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. तो घरी जातो तेव्हा आजींच्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो. कामाचे नंतर बोलतो. गुडघ्यांची चौकशी मनापासून असेल तरच पुढचे बोलणे ऐकले जाते.

दूरच्यांचे बळ

या विषयावर अभ्यासही झालेला आहे आणि त्याचा निष्कर्ष आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना परिचितांकडून नोकरीची माहिती मिळाली होती, त्यांना त्याने विचारले, त्या व्यक्तीशी तुमची गाठ किती वेळा पडत असे? वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून माहिती मिळालेले जेमतेम १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. म्हणजे नोकरीची वार्ता जिवलगांनी कमी आणली, दूरच्यांनी अधिक आणली.

कारण उघड आहे. जिवलग आपल्याच वर्तुळात फिरतात. आपल्याला ठाऊक असते तेच त्यांनाही ठाऊक असते. दूरचा परिचित दुसऱ्या वर्तुळातला असतो. त्याच्याकडे निराळी बातमी असते. पुढे २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. अगदी अनोळखीही नव्हे आणि अगदी जवळचाही नव्हे, असा मधला परिचय नवी नोकरी मिळविण्यास सर्वाधिक उपयोगी ठरतो, असेच त्यातून दिसले. साधने पालटली तरी पन्नास वर्षांत मूळ गोष्ट पालटली नाही.

आता या निष्कर्षाच्या उजेडात आपल्या समाजाकडे पाहू. आपले परिचय कोणाशी? जातीतल्यांशी, पेठेतल्यांशी, एकाच सोसायटीतल्यांशी, एकाच शाळेत शिकलेल्यांशी. ज्या बंद वर्तुळाचा दोष वर सांगितला तो हाच. बाहेर राहिलेल्यावर त्यात अन्याय होतो, हे तर आहेच. परंतु आत बसलेलेही त्यात कुजतात, कारण तेच ते पाणी फिरत राहते. परभणीच्या शेतकऱ्याचा हुशार मुलगा पुण्यात खोली घेऊन राहतो. त्याच्या घराण्यात पहिला पदवीधर तोच. त्याला गुण आहेत, जिद्द आहे; नाही ते एवढेच की कंपनीत काम करणारा एकही माणूस त्याच्या माहितीत नाही. मुलाखतीत काय विचारतात, कोणते प्रशिक्षण निरुपयोगी आहे, कोणत्या जाहिरातीत फसवणूक आहे, हे शहरी मुलाला चहाच्या टेबलावर कळते. परभणीच्या मुलाला ते कळायला दोन वर्षे आणि बापाचे लाखभर रुपये लागतात. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. तिची परीक्षा आपल्या दूरध्वनीतील नावांच्या यादीत होते. त्या यादीत आपल्या जातीबाहेरची, आपल्या थराबाहेरची नावे किती? ज्याला आपण नाव सुचवू शकतो, पण ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळण्याजोगे नाही, अशा किती तरुणांना आपण गेल्या वर्षात भेटलो?

स्त्रियांचा प्रश्न याच्याच शेजारचा आहे. बाळंतपणानंतर चार-पाच वर्षे घरी राहिलेली सुशिक्षित स्त्री पुन्हा काम शोधू लागते, तेव्हा तिचे ज्ञान जुने झाले म्हणून ती अडते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ज्ञान सहा महिन्यांत ताजे करता येते. तुटलेले परिचय जोडायला फार वेळ लागतो. हळदीकुंकू, भिशी, महिला मंडळ यांतून शेकडो स्त्रिया नियमाने एकत्र येतात. तेथे साडीची चौकशी होते, मुलांच्या गुणांची होते. ‘तू पूर्वी कोणते काम करीत होतीस, पुन्हा करायचे आहे का?’ ही चौकशी मात्र होत नाही. ती व्हायला एक पैसाही लागत नाही.

आरंभ बैठकीच्या खोलीतून

या सगळ्याचे मूळ कोठे आहे? ते आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. घरी पाहुणे आले की आपण मुलाला सांगतो, ‘‘आत जा, अभ्यास कर.’’ आत पुस्तक असते. बाहेर आयुष्य बसलेले असते. कोणी बंदरावर काम केलेला, कोणी कारखाना बुडवून पुन्हा उभा केलेला, कोणी तीस वर्षे प्रयोगशाळेत घालविलेला. मुलगा आत गणिते सोडवीत राहतो. बाविसाव्या वर्षी तो पदवी घेऊन बाहेर येतो, तेव्हा त्याला मोठ्या माणसाशी पाच मिनिटे बोलता येत नाही. मग आपण त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला घालतो! शुल्क भरून!

म्हणून थोडे आग्रहाने सांगावेसे वाटते. पाहुणे आले की मुला-मुलींना बाहेर बसवा. ऐकू द्या, विचारू द्या. तरुणांनी ज्येष्ठांकडे जाताना ‘नोकरी द्या’ म्हणून जाऊ नये. आधी माहिती घेऊन, एक नेमका प्रश्न घेऊन जावे आणि दिलेल्या वेळेत उठावे. कोणी नाव सुचविले तर पुढे काय झाले हे त्याला कळवावे. यश आले तर अवश्य, अपयश आले तरीही. आपल्याकडे ही एक गोष्ट शंभरातले नव्वद जण विसरतात, आणि पुढच्या मुलासाठीचे दार तेथेच बंद होते. ज्याने नाव सुचविले त्याची पत आपण वापरलेली असते. ती बुडवणे हे कर्ज बुडविण्यासारखेच आहे. आणि घेण्याआधी द्यावे. विद्यार्थ्याजवळ द्यायला काय असते? बरेच असते. निवृत्त शिक्षकाला संगणक शिकविता येतो, एखाद्या संस्थेचे हिशेब लावून देता येतात, धाकट्या विद्यार्थ्याला आपली टिपणे देता येतात. काम पाहिले जाते, आणि पाहिलेले कामच पुढे बोलते.

ज्येष्ठांची जबाबदारी याहून मोठी आहे. निवृत्तीबरोबर निवृत्तिवेतन मिळते; परंतु तीस-पस्तीस वर्षांत जमविलेली माणसे कपाटात कुलूपबंद होतात. ती संपत्ती आपल्याबरोबर सरणावर जाणार आहे. वाटली तर मात्र ती घटत नाही. स्वतःच्या मुलासाठी शब्द टाकायला संकोच वाटत असेल, तर शेजारच्या मुलासाठी टाका. तेथे तर मानीपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक निवृत्त गृहस्थाने वर्षाला आपल्या नात्याबाहेरच्या दोन तरुणांची योग्य माणसाशी गाठ घालून दिली, तर एवढ्याने किती घरे उभी राहतील!

जाता जाता त्या बँकवाल्या गृहस्थांविषयी. बऱ्याच विनवणीनंतर त्यांनी एका जुन्या परिचित कारखानदाराला दूरध्वनी केला. नोकरी मागितली नाही. मुलाला अर्धा तास भेटावे, एवढीच विनंती केली. त्या कारखानदाराकडे जागा नव्हती. परंतु त्याने मुलाची वही पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि चाकणच्या एका व्यक्तीचे नाव दिले. त्या व्यक्तीने चाचणी घेतली आणि सहा महिन्यांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. पुढे काय, ते मुलाच्या कामावर ठरेल; तसेच ते ठरले पाहिजे. मात्र दोन वर्षांनंतर प्रथमच त्याचे काम कोणीतरी पाहिले.

गृहस्थांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात अपराधीपणाची छटा होती. मी त्यांना म्हटले, ‘‘तुम्ही हात पसरला नाहीत. तुम्ही हात धरून दारापर्यंत नेलेत. आता दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा घेऊन या.’’